तटस्थांच्या नौका

नाविक युद्धखेळासाठी ‘आल्टमार्क’ प्रकरणाचा प्रसंग रचताना आज माझे चित्त गुंतले ते ‘कॉसॅक’ या ब्रिटिश विनाशिकेत नव्हे, किंवा सुमारे तीनशे ब्रिटिश खलाशांना उदरात कोंडून नॉर्वेच्या हद्दीत शिरलेल्या ‘आल्टमार्क’ या जर्मन जहाजातही नव्हे, तर ज्यांनी त्याची वरवर तपासणी करून कोठारे मात्र उघडली नाहीत, त्या तटस्थ नॉर्वेच्या चिमुकल्या युद्धनौकांत. पटावर त्यांना निर्जीव अडथळा मानणे हा मला घोर अन्याय वाटतो. त्यांना स्वतःचा हुकूम हवा, स्वतःची भीती हवी. प्रथम गोळी न झाडण्याचे बंधन हवे, आणि ते कोठवर टिकेल याविषयी खेळाडूच्या मनात शंका हवी. १६ फेब्रुवारी १९४० च्या रात्री ‘कॉसॅक’चे कॅप्टन व्हायन यांनी ती हद्द ओलांडून कैदी सोडविले, नॉर्वेच्या नौकांनी निषेध केला पण तोफा डागल्या नाहीत. तथापि या घटनेने हिटलरच्या नॉर्वेवरील स्वारीच्या तयारीस वेग आला आणि ९ एप्रिलला ती स्वारी झालीच. म्हणून सुटलेल्या कैद्यांचे गुण ब्रिटिश पक्षास बहाल करताना, तटस्थतेच्या भंगाबद्दलची वजावटही मी त्याच दप्तरात नोंदविली आहे. ती किती असावी, याचा निर्णय मात्र अद्याप होत नाही.