मशीन स्लो नव्हतंच

जूनमध्ये लखनौत काहीही बिघडलं की पहिला आळ उन्हावर येतो. पंख्याचा कपॅसिटर गेला, ऊन. इन्व्हर्टरची बॅटरी बसली, ऊन. ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केल्यावर माझा डेस्कटॉप रखडायला लागला, तेव्हाही घरमालकांपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळ्यांचं निदान एकच: "गर्मी में हैंग तो करेगा ही."

मी इंदिरानगरात राहतो, काम बहुतेक घरूनच. मशीनवर लिनक्स, कोड लिहायला व्हीएस कोड. नवी आवृत्ती रात्री चढवली. सकाळी सगळं जागच्या जागी, वॉलपेपरसुद्धा तोच. पण एडिटर उघडून टाइप करायला लागलो तर अक्षरं मागून येत होती. माझा कंस बंद करून झालेला असायचा आणि कर्सर अजून अर्ध्या शब्दात. मोठी फाइल खाली सरकवली की ती गचके खात यायची. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा उशिरानं काय बिघडतं? बोटं पुढे आणि डोळे मागे अशा अवस्थेत तासभर काम करून बघावं. मी एकच ओळ दोनदा खोडायचो, कारण पहिली खोडली गेलीय हे दिसायचंच नाही.

पहिला संशय एक्स्टेन्शनांवर. एडिटर त्यांच्याशिवाय चालू करता येतो, तसा केला. फरक शून्य. मग फाइल-शोधासाठी सूची करणारा सिस्टिमचा इंडेक्सर. अपडेटनंतर तो सगळ्या फाइली पुन्हा वाचायला घेऊ शकतो, आणि जावास्क्रिप्टच्या एखाद्या साध्या प्रोजेक्टमध्येही नोड मॉड्यूल्स नावाच्या फोल्डरात हजारो बारक्या फाइली असतात. इंडेक्सर बंद केला. डिस्क शांत झाली, अक्षरं मात्र मागूनच.

राहिलं ऊन. बाहेर पारा 43-44 वर, आणि प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे गेला की स्वतःच आपला वेग कमी करतो, हे काही खोटं नाही. कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून ई-रिक्षात मांडीवर घेतलं आणि नाझा मार्केट गाठलं. हजरतगंजाला लागून असलेलं हे मार्केट म्हणजे लखनौचा लॅमिंग्टन रोड. अख्ख्या गल्ल्या कॉम्प्युटरच्या. ओळखीच्या दुकानदारानं ब्लोअर मारला तेव्हा हीटसिंकमधून धुळीची अख्खी गादीच निघाली. त्यानं प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली, तापमान झरकन उतरलं. मग त्यानं स्वतः एडिटर उघडून बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "सर, एसएसडी डलवा लीजिए." ज्याच्याकडे जे विकायला असतं ते त्याला बिघडलेलं दिसतं. पण माणूस प्रामाणिक होता. पेस्टचे पैसे घेतले, एसएसडीचा आग्रह धरला नाही.

उलगडा झाला तो अगदी वेगळ्या कारणानं. ऑफिसातल्या एका कानपूरच्या मुलाला माझ्या मशीनवरचं एक बिल्ड हवं होतं. तो एसएसएचनं आत शिरला, म्हणजे त्याच्या टर्मिनलवरून माझ्या मशीनला हुकूम सोडले. मी त्यावेळी एडिटर बंद करून चहा करत होतो. थोड्या वेळात त्याचा फोन: "सर, आपकी मशीन तो दौड़ रही है. बिल्ड हो भी गया."

तोच प्रोसेसर, तीच डिस्क, तीच मेमरी. दुरून वापरलं तर चपळ, समोर बसलं तर सुस्त. दोन्हींत फरक फक्त पडद्याचा. मशीन स्लो नव्हतंच, ते चित्र काढताना दमत होतं.

व्हीएस कोड 2015 साली आला. दिसायला एडिटर असला तरी आतून तो क्रोमियम ब्राउझर आहे. प्रत्येक अक्षर, प्रत्येक सरकणारी ओळ तो ग्राफिक्स कार्डाकडून रंगवून घेतो. कार्ड हाती लागलं नाही तर तक्रार न करता तेच काम प्रोसेसरच्या गळ्यात मारतो. या एडिटरला स्वतःची स्थिती सांगायला लावणारी एक कमांड आहे. ती चालवली. ग्राफिक्सच्या ओळींपुढे उत्तर होतं: डिसेबल्ड, सॉफ्टवेअर. माझ्या प्रोसेसरला अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे मधला पर्यायही नव्हता. कार्ड खोक्यात बसून होतं, पडद्यावर चित्र येत होतं, म्हणून कोणालाच शंका आली नाही.

कारण ड्रायव्हरमध्ये होतं. मशीन जोडून देणाऱ्यानं कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून घातला होता. अपडेटबरोबर लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाही, नवा आला होता. या कर्नलची आतली रचना आवृत्तीगणिक बदलते आणि ती स्थिर ठेवण्याचं वचन कर्नल लिहिणारे मुद्दामच देत नाहीत. त्यांच्या दस्तऐवजांत 'स्टेबल एपीआय नॉनसेन्स' नावाची फाइलच आहे. इतकं रोखठोक नाव मी सरकारी काय, खाजगी कागदावरही पाहिलेलं नाही. म्हणून बाहेरचा ड्रायव्हर दर नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. ते आपोआप करणारी डीकेएमएस ही व्यवस्था डेल कंपनीच्या इंजिनिअरांनी लिहिली. तिनं माझ्याकडेही प्रयत्न केला होता. लॉगमध्ये स्पष्ट होतं: जुन्या ड्रायव्हरचा कोड नव्या कर्नलमधल्या एका फंक्शनशी जुळला नाही, बिल्ड फेल. अपडेटच्या शेकडो ओळींत ही ओळ रात्री वाहून गेली होती.

खात्रीसाठी मशीन रीस्टार्ट करून सुरुवातीच्या यादीतून जुना कर्नल निवडला. अक्षरं बोटांबरोबर चालू लागली. मग पुन्हा नव्या कर्नलवर येऊन तो उतरवलेला ड्रायव्हर काढला आणि सिस्टिमच्या स्वतःच्या भांडारातला घातला, म्हणजे पुढच्या वेळी कर्नलबरोबर तोही बदलेल. जुना कर्नल मात्र ठेवलाय, डिस्कवर जागा आहे तोवर. इंडेक्सर बंदच राहिला. त्याच्यावाचून काही अडत नाही असं लक्षात आलं.

दुकानदाराला फोन करून सांगितलं. त्याच्याकडे अशीच तक्रार घेऊन आलेलं आणखी एक लिनक्सचं मशीन पडून होतं. कमांड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा म्हणाला. पाठवली. संध्याकाळी त्यानं स्क्रीनचा फोटो धाडला, त्यात तोच डिसेबल्ड, आणि खाली विचारलं: "सर, इसका कितना चार्ज लूँ?"