बट्टा

नोटीस दीड पानाची होती, इंग्रजीत. वारासिवनीकडचा एक तांदळाचा व्यापारी ती गोंदियातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला पाठवणार होता. समोरचा मराठी, म्हणून सोबत मराठी प्रत हवी होती. बालाघाटात मी हेच काम करतो. घर मराठी, शाळा हिंदी आणि पोट इंग्रजीवर. 1956 साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. तेव्हापासून इथे कोर्टाची भाषा हिंदी आणि भांडणाची भाषा ज्याची त्याची.

वारासिवनीचा व्यापारी चिन्नोरमध्ये साधा तांदूळ मिसळतो, असे त्या गोंदियाच्या व्यापाऱ्याने बाजारात चारचौघांना सांगितले होते. चिन्नोर म्हणजे आमच्याकडचा बारीक, वासाचा तांदूळ. 2021 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि नाव जपायची जबाबदारीही वाढली. या बोलण्यामुळे पक्षकाराची प्रतिष्ठा ‘सलीड, टार्निश्ड अँड बिस्मर्च्ड’ झाली, असे वकिलाने लिहिले होते. एकाच वाक्यात एका नावाची तीनदा घाण! इंग्रजीत नोटीस लिहिणाऱ्यांना ही खोड असतेच. एका शब्दातून आरोपी निसटला तर दुसरा धरेल, अशी आशा असावी.

गंमत म्हणजे कायद्याला यातला एकही शब्द लागत नाही. दंड संहितेचे जुने कलम 499, म्हणजे 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेचे 356, लौकिकाला हानी पोहोचवण्याविषयी बोलते. चारित्र्य खाली येणे, पत खाली येणे, अशी सगळी भाषा चढउताराची आहे. एखाद्याचे शरीर किळसवाण्या अवस्थेत आहे असा समज पसरवणे, एवढीच काय ती तिथली घाण. खरी घाण जुन्या 277 मध्ये होती. सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी नासवून ते नेहमीच्या वापराला कमी लायक करणे, हा तिथला गुन्हा. पाणी आधी ज्या कामाला यायचे त्याला आता तितकेसे येत नाही, एवढीच कसोटी, आणि मला ती फार आवडते. याउलट 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक प्यायले. पाण्यात काहीही फरक पडला नव्हता, तरी ते बाटले म्हणून पंचगव्याच्या घागरी ओतल्या गेल्या. त्यामुळे ‘डिफाइल’ला मी ‘विटाळणे’ कधीच लिहीत नाही. मराठीत नेमके बसते, तरीही नाही.

त्या रात्री पहिला खर्डा झाला: ‘प्रतिष्ठा मलिन केली, डागाळली व तिला काळिमा फासला.’ वाचून पाहिला. व्याकरणात चूक नव्हती, पण व्यापारी त्यात कुठे दिसेना.

काळिम्यापाशी तर मी नेहमीच अडखळतो. भरवेलीच्या मँगनीज खाणीतून सुटून येणारी माणसे पाहत मी लहानाचा मोठा झालो. नखांत, कानांमागे, कॉलरच्या शिवणीत काळे. ते काळे म्हणजे पगार होता. बिस्मर्चमधला डाग याच जातीचा, वरवर फासला गेलेला, काजळीसारखा. साबणाने जातो. डाग जाणारा की मुरणारा, हे इंग्रजी शब्द बहुधा आतच सांगून टाकतात. स्टेनच्या मुळाशी रंगवणे आहे, म्हणजे तो धाग्यात उतरतो. टार्निशच्या मुळाशी घाणच नाही, तिथे फक्त चमक गेलेली असते.

आणि एक शब्द आहे टेंट, तंबू नव्हे, दुसरा. त्याला मराठी मिळत नाही म्हणून तरुण अनुवादक ‘दूषित’ लिहून मोकळे होतात. माझ्या आजीकडे होता तो शब्द. तिच्या पितळी गंजाची कल्हई बुडाशी रुपयाएवढी उडाली होती. त्यात रात्री ताक राहिले की सकाळी ती आधी झाकण काढून वास घ्यायची, मग बोटाने कड पुसून पाहायची. बोटावर हिरवट झाक आली की म्हणायची, “कळकलं.” आणि ताक ओतून द्यायची. गंज मात्र चिंच-राखेने घासला की पुन्हा लखलखायचा. म्हणजे भांडे काळवंडते, ताक कळकते. पहिले टार्निश, दुसरे टेंट. तांब्याची खाण मलाजखंडला, याच जिल्ह्यात, पण हा फरक मला आजीच्या चुलीपाशी कळला.

दुसऱ्या दिवशी पक्षकार स्वतःच आला. खर्डा वाचला, चष्मा काढला.

“सर, हे तोंड काळं-गिळं काही झालं नाही जी माझं. लोक रामराम घालतात, चहा पाजतात. फक्त क्विंटलमागं भाव पाडून मागतात. म्हणतात, जरा कमी करा ना, लोक बोलून राहिले तुमच्या मालाबद्दल.”

“म्हणजे नावाला बट्टा लागला.”

“हां! बट्टाच लागला जी.”

मी सहज बोलून गेलो होतो, मग माझाच शब्द मला ऐकू आला. घरी येऊन मोल्सवर्थचा 1857 चा कोश काढला. बट्टा म्हणजे नाणे बदलून देताना कापली जाणारी रक्कम, आणि बट्टा म्हणजे डागही. या मुलखात कधी काळी भोसल्यांचा नागपुरी रुपया चालायचा, कंपनीचाही चालायचा. झिजलेले किंवा परक्या टांकसाळीचे नाणे सराफापुढे ठेवले की तो बोटांत फिरवून पाहणार आणि आपला बट्टा कापणार. नाणे खोटे ठरत नाही, कुणी ते फेकूनही देत नाही. चालते, पण पूर्ण किमतीला नाही. पत खाली येणे म्हणतात ते हेच. ‘कुळाला बट्टा लावलास’ असे ओरडणाऱ्या किती बापांना आपण सराफाची भाषा बोलतो आहोत हे ठाऊक असेल, कोण जाणे.

तिन्ही इंग्रजी शब्द बाजूला ठेवून मी लिहिले: ‘आपल्या बोलण्याने आमच्या पक्षकाराच्या नावाला व मालाला बट्टा लागला.’ शब्दाला शब्द देणाऱ्याने असे करू नये, हे मलाही कळते. शपथेवर द्यायचा अनुवाद असता तर केलेही नसते.

वकिलांनी प्रत वाचली आणि मान हलवली. “चांगलं आहे, पण इंग्रजीत तीन आहेत. समोरचा वकील दोन्ही प्रती शेजारी ठेवून मोजेल.” खिशातून पेन काढून त्यांनी ‘बट्टा लागला’च्या पुढे समासापर्यंत नेत लिहिले: ‘व ते मलिन होऊन त्यास काळिमा फासला गेला.’

टायपिंगवाल्याने ‘काळिमा’चा ‘कालिमा’ केला. तेवढा मी दुरुस्त करून दिला.