खडकावरचं बिऱ्हाड

गोगलगाय म्हटली, की आपल्याला आळस आठवतो. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ या म्हणीने तर तिला लबाडांच्या पंगतीत नेऊन बसवलं आहे. पण समुद्राच्या खडकावरची गोगलगाय एकदा नीट पाहावी. मग तिला कुणी आळशीही म्हणणार नाही, नि लबाडही!

आम्ही मीरा रोडच्या नया नगरात राहतो. भाईंदर पश्चिमेहून बस धरली, की उत्तनचा किनारा येतो. ओहोटीची वेळ पाहून मी कधीमधी मुलांना तिथे नेतो. ओल्या खडकांवर हिरवं शेवाळ असतं नि त्यावर या बायांचं बिऱ्हाड. “बाबा, ह्या नुसत्याच बसल्यात!” धाकटी म्हणते. पण त्यांच्या तोंडात बारीक दातांची पट्टी असते. कानशीने लोखंड घासावं तशी ती खडक घासून शेवाळ खाते. पुढचे दात झिजले, की मागून नवे येतात. माझ्या वयाच्या माणसाला हेवा वाटावा अशी सोय!

इंग्लंडच्या थंड किनाऱ्यांवर यांचीच एक बहीण असते, टोपीसारख्या शंखाची लिंपेट. तिचे दात कोळ्याच्या धाग्याहूनही बळकट असल्याचं 2015 साली पोर्ट्समथच्या संशोधकांना आढळलं. 1967 साली ‘टोरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळ फुटलं, नि तेल घालवायला फवारलेल्या रसायनांनी लिंपेट मेल्या. मग खडकांवर शेवाळाचं रान माजलं. ते पूर्वस्थितीला यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. या मुक्या जिवांचं काम किती मोठं, ते त्या गेल्यावर कळलं.

पण मला खरी आवडते ती तिची परतण्याची रीत. चरून झालं, की ती आपल्या ठरलेल्या जागी येते. शंखाची कड त्या जागेच्या उंचसखलपणाप्रमाणेच वाढलेली असते. खडक मऊ असला, तर खडकच झिजतो. फट उरत नाही, म्हणून ओहोटीतही आतला ओलावा टिकतो. दुसरी जागा चार बोटांवर असली, तरी ती तिला तशी बसत नाही.

आमची इमारत आता पाडून नवी बांधायची आहे. साऱ्यांनी संमती दिली. राहिली एकटी आमची आई. ती 1986 साली गिरगावच्या चाळीतून इथे आली. “मोठी जागा मिळणार, लिफ्ट मिळणार, तरी आजी अडून बसल्यात,” असं जिन्यात बोललं जाई. मला मात्र ते अडणं वाटेना. चाळीस वर्षं माणूस एका जागी घासला गेला, की कड तशीच वाढते.

गेल्या महिन्यात तिने आपणहून कागद मागितला. सही करण्यापूर्वी म्हणाली, “भाड्याची जागा कुठेही बघ. पण समोरच्या आपांची नि आपली एकाच मजल्यावर बघ.”

सध्या मी तशा दोन जागा शोधतो आहे.