बोनसनं मानूस उठत नाई

बोरी अरबला कशाला चाललात, असं यवतमाळात मला ज्याने त्याने विचारलं. देवळं पाहायची तर कळंबचा चिंतामणी सोडून, माहूर सोडून तिकडे काय आहे, असा त्या प्रश्नाचा रोख. मला देवळांच्या रांगांचा कंटाळा आहे आणि तो मी लपवत नाही. डिसेंबरातल्या वऱ्हाडात मला पाहायचं होतं ते तुरीचं पिवळं शेत, वेचणीला आलेली पराटी आणि कुठे जमलंच तर कबड्डीचं मैदान. मैत्रिणीच्या माहेरी, अडाण नदीच्या अंगाला असलेल्या वावरात, रोडग्यांचा बेत होता. मी लगेच हो म्हटलं.

आधीचे दिवस अमरावतीत गेले. त्यातली एकच दुपार सांगण्यासारखी आहे, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातली. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या या संस्थेचं पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि तिथे त्याने कबड्डीसह आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. कबड्डी आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली ती १९९० मध्ये, बीजिंगला. म्हणजे त्याच्या चोपन्न वर्षं आधी वऱ्हाडातल्या पोरांनी हा खेळ जर्मन प्रेक्षकांसमोर मांडला होता. त्या मैदानाच्या कडेला उभी राहून मी विचार करत होते, की बाद झालेला गडी पुन्हा आत कसा येतो हे त्या प्रेक्षकांना यांनी कसं समजावलं असेल? जुन्या काळी हुतुतूचे तीन प्रकार खेळत. अमरमध्ये गडी बादच होत नसे, गामिनीत बाद झालेला परत येत नसे आणि संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला उठत असे. आजची कबड्डी या संजीवनीची लेक. हे मी कॉलेजात असताना पाठ केलं होतं. त्याचा खरा अर्थ मला बोरी अरबच्या वावरात एका एकोणीस वर्षांच्या मुलीने समजावला.

यवतमाळहून दारव्ह्याच्या रस्त्याने जाताना मन प्रसन्न होतं. थंडी अंगाला लागत होती, कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या होत्या. शकुंतलेचा विषय निघाल्याशिवाय या रस्त्यावर कोणाचा प्रवास होत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ती छोट्या रुळांची गाडी आता बंद आहे, आणि ती बंद पडली याचं मला मनापासून वाईट वाटतं. पूर्वी सामने खेळायला संघ याच गाडीने जायचे, असं पुढे वावरात भेटलेल्या एका निवृत्त गुरुजींनी सांगितलं.

वावरात पोचले तेव्हा गोवऱ्या पेटल्या होत्या. रोडग्यांना घाई चालत नाही. जाडसर दळलेल्या गव्हाच्या पिठाला तेलाचं मोहन घालायचं, घट्ट मळायचं, पदर देत गोळे वळायचे, गोवऱ्यांची धग बसून नुसता आर उरला की त्यात ते पुरायचे आणि वाट पाहायची. एकीकडे मैत्रिणीच्या घरच्या मावशी वांग्याच्या भाजीला फोडणी घालत होत्या, दुसरीकडे वरण उकळत होतं. मधल्या त्या वेळात आंब्याखालच्या सतरंजीवर जो वाद पेटला, त्यासाठी हा सगळा प्रवास सांगावासा वाटतो.

वाद जवळच्या कॉलेजच्या कबड्डी संघाचा होता. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हा संघ उपांत्य फेरीत दोन गुणांनी हरला होता. संघातले चार जण याच परिसरातले, म्हणून अख्ख्या पंचक्रोशीला तो आपला संघ. भांडणाचं मूळ होतं मुख्य रेडर. उंचापुरा, लांब पायाचा हा मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातला. कॉलेजने त्याला गेल्या वर्षी होस्टेलची सोय करून आणलेला.

“पोट्ट्याचा दोष नाई, सरचा हाय,” निवृत्त गुरुजींनी सुरुवात केली. “एकाच रेडरले चाळीस मिंटं पयवते काय कोनी? दुसऱ्या हाफात त्याचा दमच राह्यला नाई.”

“मंग पाठवाचं कोनाले?” गावातले टेलरकाका उसळले. “एवढं उंच पोट्टं आपल्या गावात आजवर झालं काय? कॉलेजनं त्याले आनलं म्हनून सेमी तरी पाह्यली आपन. मी तं म्हनतो, पुढच्या साली असे दोन आना.”

पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण इतका वेळ गोवऱ्या सारत होता. तो वळून म्हणाला, “काका, त्याले होस्टेल फुकट, खानं फुकट. आमच्यावाल्याले बूट बी नाई. मातीवर अनवानी खेयलेला पोट्टा एकदम मॅटवर उतरवता आन् म्हनता घसरला कसा!”

आमच्यावाला म्हणजे संघातला दुसरा रेडर, बुटका, चपळ, खालून डुबकी मारून निसटणारा गावातलाच मुलगा. पहिल्या हाफात त्याला बाकावर ठेवलं होतं, हा सगळ्यांच्या मनातला सल. त्या तरुणाचा राग मला पटला. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची वाट कॉलेजच्या संघातून विद्यापीठाच्या संघाकडे आणि तिथून पुढे जाते. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो, तेव्हा इथल्या मुलाला तेही एक दार उघडं असतं. बाकावर बसलेल्या मुलाला ही दारं दिसतात, पण तिथवर चालत जाता येत नाही. म्हणून सातात कोण आणि बाकावर कोण, हा इथे घराघरातला प्रश्न आहे.

मी त्यांना अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल सांगितलं. तिथल्या ॲन आर्बर गावात मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं बसतात आणि सगळा गाव वर्षभर एकाच माणसावरून भांडतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. चेंडू त्याच्या हातात येतो, डाव तो चालवतो. तो चुकला तर प्रशिक्षक चुकला, आणि प्रशिक्षक चुकला तर मुलं निवडणारे चुकले. २०१८ पासून तिथे खेळाडूंना दुसऱ्या कॉलेजात जाण्यासाठी नाव नोंदवायची रीतसर सोय झाली, आणि २०२१ पासून स्वतःच्या नावावर जाहिरातींतून पैसे मिळवायची मुभा मिळाली. तेव्हापासून तयार खेळाडू आणावा की आपला घडवावा, हा वाद तिथेही पेटलेला आहे.

“म्हंजे आमच्यासारखंच हाय,” टेलरकाका खूश होऊन म्हणाले. “मोठी कॉलेजं आनतेच. आपन काहून नाई आनाचं?”

इथे ती मुलगी बोलली. मावशींची पुतणी. कॉलेजच्या मुलींच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळते. हातातलं पीठ झटकत ती पुढे आली.

“तुमी सारे रेडरवरच भांडून राह्यले,” ती म्हणाली. “तो शेवटी भाईर गेला तवा आपन एका गुनानं पुढं होतो. हाय का नाई? पन त्याच्या आंधी दोघं भाईर बसले होते. जो पह्यले मेला तो पह्यले उठते. म्हंजे समोरचे तीन गडी मारल्याबिगर हा आत येत नाई. सांगा, त्या शेवटच्या पाच मिंटात आपल्या पकडी किती झाल्या?”

कोणी बोललं नाही.

“एकबी नाई.”

“आमच्यावाल्यानं दोन बोनस आनले ना!” तरुण म्हणाला.

“आनले. पन बोनसनं गुन भेटते, मानूस उठत नाई.”

मी कॉलेजात कोपऱ्यातच खेळले आहे. रेडरच्या नावाने मैदान गर्जतं तेव्हा कोपऱ्यातल्या मुलीला काय वाटतं ते मला ठाऊक आहे, आणि त्या क्षणी मी त्या मुलीच्या बाजूची झाले. तिने जळक्या काडीने मातीत पाटी आखली, खड्यांचे गडी मांडले आणि तो सामना आमच्यासमोर पुन्हा खेळवला. चार गडी उरले असताना आपल्या कोपऱ्याने घाई करून घोटापकडीला सूर मारला. तो बाद झाला, तिघं उरले. तिघं किंवा त्याहून कमी असताना पकड केली तर सुपर टॅकलचे दोन गुण मिळतात. अशा वेळी रेडरला खोल येऊ द्यायचं, निदान रेषा ओलांडली तरी हलायचं नाही, तो गुणाच्या मोहात पाय टाकील तेव्हा त्याचा मागचा घोटा धरायचा आणि बाकीच्या दोघांनी अंगावर पडायचं. आपल्या तिघांनी एकेकट्याने पकडीला सूर मारले आणि तिघं गेले. सगळा संघ बाद झाला, म्हणजे लोण बसलं. लोणाचे दोन गुण गेले आणि हरलो तेही दोनच गुणांनी. लोण बसल्यावर सातही जण उठले, उंच रेडरने शेवटच्या चढाईत एक गुण आणलाही. तोवर वेळ संपली होती.

“तिसरा गडी गेला तवा सरपाशी टाइम आउट बाकी होता,” गुरुजी हळूच म्हणाले. “थ्यो काहून घेतला नाई?”

“सर एकटे काय काय करतीन गुरुजी?” मुलगी म्हणाली. “खो-खो त्याईच्याकडं, धावनं त्याईच्याकडं, साऱ्या स्पर्धेचे कागद त्याईच्याकडं. मुलींचा संघ बी तेच पाहते. आमाले कोपऱ्याची प्रॅक्टिस कोन देते? आमीच एकमेकीले देतो.”

क्वार्टरबॅक आणि रेडर यांच्यातला फरक मला तिथे लख्ख कळला. क्वार्टरबॅकला डाव फसला तरी पुढच्या डावाला उभं राहता येतं. रेडर बाद झाला की त्याचा जीव साथीदारांच्या हातात जातो. त्याने कितीही गुण आणलेले असोत, रेषेबाहेर बसून तो फक्त बघू शकतो. इतका मोठा खेळाडू इतका परावलंबी असणं मला या खेळाचं सर्वांत सुंदर अंग वाटतं. ज्या संघात त्याला उठवणारे कोपरे तयार झालेले नाहीत, त्या संघाने बाहेरून आणलेला रेडर अर्धा वेळ रेषेबाहेरच बसणार. दोन आणले तर दोघंही बसतील.

एव्हाना आर निवला होता. रोडगे राखेतून बाहेर निघाले, फडक्यात घालून झटकले गेले. वरची कड कडक, आत वाफ. मावशींनी ते हाताने कुस्करून त्यावर तूप सोडलं, वरण ओतलं, बाजूला वांग्याची भाजी वाढली. भाजीचा तिखटपणा कानापर्यंत चढला. पुण्याच्या गोडसर चवीवर वाढलेल्या माणसांनी इथे येऊन एकदा असं जेवावं, असं माझं ठाम मत आहे. रोडग्यांना शेण-राखेचा जो मंद धुरकट वास असतो, तो कुठल्याही भट्टीत येत नाही. मी मागून वाढून घेतलं आणि मावशी खूश झाल्या.

जेवताना गुरुजींनी मला थेट विचारलं, “बाई, तुमच्या हाती संघ देला तं काय करान?”

मी सांगितलं, ते मला आजही तितकंच खरं वाटतं. होस्टेलची खाट रेडरला दिली आहे, तर दुसरी खाट एखाद्या कोपऱ्याला द्या, आणि तो शक्यतो इथलाच शोधा. रेडर एका हंगामात चमकू शकतो. डाव्या-उजव्या कोपऱ्याची जोडी जमायला दोन-तीन हंगाम लागतात, कारण दोघांनी न बोलता एकाच क्षणी हलायचं असतं. बाहेरून आलेला मुलगा पदवी घेऊन किंवा जास्त देणारं कॉलेज पाहून जातो, गावातला पोरगा सुट्टीतही मैदानावर येतो. मातीवर खेळणाऱ्यांना मॅटवर उतरण्याआधी महिनाभर बूट घालून सराव द्या, कारण मॅटवर रेडरचा पाय घट्ट रोवला जातो, तो लवकर वळतो आणि मातीवर जमणारी पकड तिथे उशिरा पडते. क्रीडासरांच्या हाताखाली माजी खेळाडूंपैकी एकाला फक्त पकडीसाठी बसवा. आणि ही मुलगी पकडी मोजते, तिची वही सामन्याच्या वेळी सरांशेजारी ठेवा.

“हे समदं बरोबर,” टेलरकाका म्हणाले, “पन रेडरबिगर लोक पाहाले येत नाई.”

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून गावोगावची पोरं रेडरची नक्कल करतात, टीव्हीवर चढाया पुन्हा पुन्हा दाखवतात. घोटा पकडणारा हात मात्र क्षणभर दिसतो. म्हणूनच जाणकार प्रेक्षकाने तो हात पाहायला शिकलं पाहिजे. टेलरकाकांसारखा माणूस, ज्याला तीस वर्षांपूर्वीच्या सामन्यातला शेवटचा गुण कोणी आणला ते तोंडपाठ आहे, त्याने पकडीही पाठ केल्या तर कॉलेजच्या निवडीवर फरक पडेल. खेळाडू आणताना सर गावाचं ऐकतात आणि गाव ज्याच्या नावाने ओरडतं त्यालाच खाट मिळते.

दुसऱ्या दिवशीचं माहूर मी रद्द केलं आणि सकाळी मुलींचा सराव पाहायला गेले. मातीवर अनवाणी पोरी घोटापकडीचे सूर मारत होत्या, त्यांच्या शेजारी मुलांच्या संघातला तो घाई करणारा कोपराही उभा होता. मुलगी त्याला दटावत होती, “थांब! अजून थांब! त्याले पाय टाकू दे!” पहिल्यांदा तो लवकर गेला, मग पुन्हा लवकर गेला. नंतर एकदा थांबला आणि उंच रेडरचा घोटा त्याच्या हाती लागला. रेडर मातीत पडून हसत ओरडला, “अस्सं पाह्यजे! मी भाईर असलो तं असंच कर!”

बाहेरून आणलेल्या मुलालाही हेच हवं होतं. त्याची बाजू सतरंजीवर कोणी मांडली नव्हती, म्हणून ती इथे मांडते. पुढच्या हंगामात सामने पाहायला मी वऱ्हाडात येणार आहे. टेलरकाकांशी तेव्हा पुन्हा वाद घालीन, आणि पकडींची वही माझ्या मांडीवर असेल.