तीन कोटेशनं आणि एक कठडा

गेले तीन आठवडे आमच्याकडे रात्रीची जेवणं लांबतायत, कारण टेबलावर ताटांच्या आधी तीन कोटेशनं मांडलेली असतात. मागच्या अंगणात स्विमिंग पूल बांधायचा का, हा प्रश्न आता संपलाय. (नवऱ्याच्या मते तो दोन उन्हाळ्यांपूर्वीच संपला होता.) आता प्रश्न एवढाच, की कुणाकडून आणि कितीत.

आम्ही कॅलिफोर्नियात, प्लेझंटनला राहतो. सॅन फ्रान्सिस्कोत लोक जुलैमध्ये स्वेटर घालून हिंडत असतात, आणि डोंगर ओलांडून इकडे यावं तर पारा ३८ अंशाला टेकलेला! त्यामुळे पूल ही इथे अगदीच चैन समजली जात नाही. तरी रक्कम बघितल्यावर पोटात गोळा येतोच.

पूल तिघांचाही सारखाच. ३० फूट लांब, १५ फूट रुंद, सरासरी ५ फूट खोल. पहिला म्हणतो ९८,४०० डॉलर, दुसरा १,१७,०००, तिसरा १,३४,५००. पहिल्याचं कोटेशन दोन पानांत संपतं. तिसऱ्याचं अकरा पानी आणि गुळगुळीत, वर धबधब्याचं रंगीत चित्र. एकाच खड्ड्याच्या किमतीत ३६,००० डॉलरचा फरक कसा काय? नवऱ्याचं बोट मात्र पुन्हापुन्हा पहिल्याच्याच खालच्या आकड्यावर जाऊन थांबत होतं.

सध्या आई-बाबा आलेत. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांनीही आयुष्यभर पूलच बांधले म्हणा, पण ते नदीवरचे! परभणी, जिंतूर, गंगाखेड असा सगळा संसार झाला. पण लेकीच्या घरात, जावयाच्या व्यवहारात आपण होऊन तोंड घालायचं नाही हा त्यांचा नेम. चार दिवस ते कोटेशनांकडे न बघता शेजारी बसून वरणभात जेवत होते. शेवटी नवराच म्हणाला, "बाबा, तुम्ही जरा बघता का?"

बाबांनी चष्मा पुसला, पेन्सिल मागितली, आणि तिन्ही कोटेशनं पालथी घालून बाजूला ठेवली.

"आधी आपण आपली यादी करू," म्हणाले. "पूल पूर्ण होऊन पोरं पाण्यात उतरेपर्यंत काय काय कामं लागतात ती सगळी लिहायची. मग यांच्यात कुठलं नाही ते बघायचं. रक्कम सगळ्यात शेवटी वाचायची, जावईबापू."

ही त्यांची जुनी सवय. त्यांच्या खात्यात निविदांचे नमुने असतात. बी-१ म्हणजे टक्केवारीचा, बी-२ म्हणजे प्रत्येक बाबीला वेगळा दर, आणि सी म्हणजे एकरकमी. ही तिन्ही कोटेशनं एकरकमी. बाबांचं म्हणणं असं, की एकरकमी निविदेत जे काम लिहिलेलं नसतं तेच उद्या जादा बाब होऊन बिलात येतं.

यादी सुरू झाली मातीपासून. पहिल्याच्या कागदावर एकच ओळ होती, 'खोदकाम समाविष्ट'. बाबांनी विचारलं, "आणि खणलेल्या मातीचं काय?" खाली बारीक अक्षरात सापडलं, 'माती जागेवरच पसरण्यात येईल'. बाबांनी लगेच ब्रासमध्ये हिशेब मांडला. पाण्याची जागा अधिक भिंती आणि तळ धरून खड्डा साधारण २९ ब्रास. माती खणली की फुगते, म्हणजे झाली ३६ ब्रास, ३,६०० घनफूट. आमचं उरलेलं अंगण २,००० चौरस फुटांचं. म्हणजे सगळीकडे पावणेदोन फुटांचा थर! नवरा हसायला लागला, पण जरासं ओशाळून. माती उचलून न्यायची तर दहा घनयार्डाचे तेरा डंपर. त्याचे ६,५०० डॉलर वेगळे.

मग आली माती कुठली हा प्रश्न. इथली जमीन चिकणमातीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. बाबा अंगणात जाऊन ढेकूळ चुरडून आले आणि म्हणाले, "ही तर आपली काळी माती गं, फक्त रंग वेगळा." मराठवाड्यात काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याला जे ठाऊक असतं तेच इथेही खरं, की अशी जमीन वर बांधलेलं सगळं हलवत राहते. दुसऱ्या आणि तिसऱ्या कोटेशनात माती तपासणी आणि इंजिनिअरचं ड्रॉइंग धरलेलं होतं. पहिल्यात सळईची जाडी होती, पण किती अंतरावर बांधणार ते नव्हतं. ड्रॉइंग आणि परवाना मिळून आणखी ३,५०० डॉलर.

पूलचा सांगाडा होतो गनाइटचा, म्हणजे सळयांच्या जाळीवर नळीतून फवारलेल्या काँक्रीटचा. ते फवारायचं यंत्र काढलं कार्ल एकली नावाच्या माणसाने, आणि त्याचा मूळ धंदा मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरण्याचा! शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये असताना त्याने ते बनवलं आणि १९११ साली पेटंट घेतलं. ही माहिती सांगून मी भाव खाल्ला. बाबांना त्यात फार रस नव्हता. त्यांनी विचारलं, "याला पाणी कोण मारणार?" तिन्ही कोटेशनांत उत्तर एकच, 'घरमालक'. निदान सात दिवस, सकाळ-संध्याकाळ.

पुढे टाइल. पूलच्या काठाने सहा इंचांची पट्टी, घेर ९० फूट, म्हणजे ४५ चौरस फूट. त्यासाठी पहिल्याने चौरस फुटाला १० डॉलर 'अलाउन्स' धरला होता. आम्हाला दुकानात आवडलेली टाइल २४ डॉलरची. फरक ६३० डॉलरचा, त्यामानाने किरकोळ. पण अलाउन्स हा शब्द दिसला की तिथे किंमत ठरलेली नाही असं समजायचं, हे बाबांनी पेन्सिलने समासात लिहून ठेवलं. विजेचं वेगळं पॅनल ३,२०० डॉलर, हीटरपर्यंत गॅसची लाइन २,४०० डॉलर. भोवतीची फरशी पहिल्याची ४५० चौरस फूट, दुसऱ्याची ६५०. म्हणजे २०० फूट कमी, १८ डॉलरने ३,६०० झाले.

पैसे कधी द्यायचे याचंही एक पान होतं. पहिल्याला करार होताच १५ टक्के हवे होते, 'तारीख राखून ठेवण्यासाठी'. म्हणजे १४,७६० डॉलर. बाबा म्हणाले, "आमच्याकडे मोबिलायझेशन ॲडव्हान्स बँक गॅरंटी घेतल्याशिवाय सुटत नाही." मी राज्याच्या परवाना मंडळाची साइट उघडली. कॅलिफोर्नियात अशा कामाला आगाऊ रक्कम जास्तीत जास्त १,००० डॉलर किंवा दहा टक्के, यातली जी कमी असेल ती. पुढचे हप्तेही झालेल्या कामाच्या पुढे पळता कामा नयेत. आणखी एक गोष्ट. आपण कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले आणि त्याने सळईवाल्याला दिले नाहीत, तर सळईवाला आपल्या घरावर बोजा चढवू शकतो. म्हणून प्रत्येक हप्त्याला त्यांच्याकडून हक्क सोडल्याचा कागद घ्यायचा. मंडळाच्या साइटवर पूल बांधणाऱ्यांचा सी-५३ परवाना चालू आहे का, कामगारांचा विमा आहे का, हेही दिसतं. नवरा गाडी घेताना दहा साइट्स पालथ्या घालतो, तो म्हणाला, "हे सगळं फुकट बघायला मिळतं?" मिळतं.

मग एक बाब आली आणि टेबल शांत झालं. 'पाणी भरणे – घरमालक'. ३० गुणिले १५ गुणिले ५, म्हणजे २,२५० घनफूट, साधारण ६४,००० लिटर. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली होती, आठवत असेल. तिच्या एका वॅगनीत साधारण ५०,००० लिटर पाणी होतं. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "एक वॅगन आणि वर थोडं." टोमणा नव्हता, हिशेब होता. पण नवऱ्याने त्याच रात्री पाण्यावर अंथरायच्या आच्छादनाची चौकशी केली. त्याने वाफ होऊन जाणारं पाणी बरंच वाचतं. ते आता आमच्या यादीत आहे.

एव्हाना साडेदहा वाजले होते. यादीत एकच बाब उरली होती. बाबांनी ती सुरुवातीलाच लिहिली होती आणि आम्ही तिच्यावरून दोनदा पुढे गेलो होतो.

"कठडा कुठंय?"

पहिल्यात नव्हता, दुसऱ्यातही नव्हता. दोघांनीही 'सुरक्षा – कायद्यानुसार' असं लिहिलं होतं. तो कायदा मी वाचून काढला. २०१८ पासून कॅलिफोर्नियात घरच्या नव्या पूलला सात सुरक्षा उपायांपैकी निदान दोन लागतात. घर आणि पूल यांच्यामध्ये पाच फुटी कुंपण, आपोआप बंद होणाऱ्या फाटकाची जाळी, वजन पेलणारं आच्छादन, वगैरे. पण त्या सातांत दाराचा अलार्म आणि पाण्यातला अलार्म असेही दोन आहेत. हे दोन लावले की कायदा पुरा. आणि दोघांनीही नेमके तेच धरले होते. तळाच्या ड्रेनबद्दल मात्र तिघांचंही काम चोख होतं, एकमेकांपासून तीन फुटांवर दोन ड्रेन आणि योग्य झाकणं. त्यामागे २००७ चा राष्ट्रीय कायदा आहे. २००२ साली हॉट टबच्या ड्रेनच्या ओढीत अडकून गेलेल्या सात वर्षांच्या व्हर्जिनिया ग्रॅम बेकरच्या नावाने तो ओळखला जातो.

नवरा म्हणाला, "बाबा, दार उघडलं की अलार्म वाजेल ना. आणि आपण घरातच असतो."

"अलार्म वाजतो तेव्हा पोर दाराबाहेर गेलेलं असतं," बाबा म्हणाले. "पाण्यातला वाजतो तेव्हा पाण्यात."

आमची चिऊ तीन वर्षांची आहे. अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंमागे बुडणं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. गरज नव्हती. आमच्या घरच्या मंडळींना मला बापूकाका म्हणजे कोण ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की बाबांना एक धाकटा भाऊ होता, आणि मळ्यातल्या विहिरीला कठडा नव्हता. घरात माणसं होती. भरलेलं घर होतं. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांनी हा विषय माझ्यासमोर आजवर दोनदा काढलाय, हा तिसरा. तेही एवढंच म्हणाले, "आबांनी नंतर बांधला कठडा. चांगला दगडी. अजून आहे."

आई उठून ताटं उचलायला लागली. नवऱ्याने पेन्सिल घेतली आणि कठड्यापुढे स्वतःच्या हाताने २,८०० लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी रीतसर तुलनात्मक तक्ता केला, आडवे रकाने आखून. पहिल्याच्या ९८,४०० मध्ये राहिलेल्या बाबी मिळवल्या तर २२,६३० वाढले, एकूण १,२१,०३०. दुसऱ्याच्या १,१७,००० मध्ये फक्त कठडा नव्हता, तो धरून १,१९,८००. सगळ्यात स्वस्त माणूस दुसऱ्यापेक्षा १,२३० डॉलरने महाग निघाला. तो फसवत होता असं मी म्हणणार नाही. त्याने जे लिहिलं तेवढं तो केलंही असतं. बाकीचं त्याने लिहिलंच नव्हतं. तिसऱ्याकडे सगळं होतं, कुंपणसुद्धा, पण धबधब्यासकट.

आम्ही दुसऱ्याला बोलावलं. नवऱ्याने यादी पुढे ठेवली आणि सांगितलं, भोवतीची फरशी ६५० ऐवजी ४८० फूट करा, आणि पाच फुटी जाळी व आपोआप बंद होणारं फाटक कोटेशनातच लिहा. तो म्हणाला, जाळी नंतरही बसवता येते, बरेच लोक आधी एक उन्हाळा काढून बघतात. नवरा म्हणाला, "नाही. पाणी भरायच्या आधी जाळी. तेही लिहा." बाबा शेजारी बसले होते. एक अक्षर बोलले नाहीत.

सुधारलेलं कोटेशन काल आलं, १,१६,७४०. कठड्याचा खर्च कापलेल्या फरशीतून निघाला आणि वर २६० डॉलर वाचले. त्यात 'जाळी आणि फाटक, पाणी भरण्यापूर्वी' अशी स्वतंत्र ओळ आहे. मी ती दोनदा वाचली. शेवटचा हप्ता त्यानंतर.

सही उद्या. काँक्रीट फवारायला अजून सहा-सात आठवडे आहेत, आणि बाबांचं परतीचं तिकीट त्याच्या चार दिवस आधीचं. काल रात्री त्यांनी सहज विचारलं, की तिकीट पुढे ढकलायला किती पडतात. मी म्हटलं, कशाला? तर म्हणे, "पाणी मारायला कोण आहे तुमच्याकडे? तुम्ही दोघं जाणार ऑफिसला."