चोर्ल्याच्या वळणावरून वडगावच्या पडवीत

बेळगावातून गोव्याला जायचे रस्ते अनेक, पण आमच्या पोरांचा जीव अडकलेला असतो तो चोर्ल्याच्या रस्त्यात. पिरनवाडीला खानापूर रस्ता सोडला की किणये, कुसमळी, जांबोटी आणि मग मलप्रभेचं उगमस्थान कणकुंबी. तिथून पुढं घाट. पावसाळा सरता सरता या रस्त्याचं रूप असं खुलतं की शहाण्या माणसालाही वेग आवरत नाही, तिथं बावीस वर्षांच्या पोराची काय कथा!

२०२३ च्या सप्टेंबरात माझा पुतण्या कणकुंबीच्या पुढल्या एका वळणावर पडला. पावसानं वाहून आलेली बारीक खडी रस्त्यावर पसरली होती. पुढचं चाक घसरलं आणि गाडी फरफटत जाऊन दगडी कठड्यावर आदळली. पोराचं गळपट्टीचं हाड मोडलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. गाडी यामाहाची आर-वन-फाइव्ह, २००८ साली निघालेल्या पहिल्या पिढीतली, जुनी घेतलेली. ती जुळवून दिली होती मी. त्यामुळं दवाखान्यात वहिनी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ती गाडी भंगारात घाला."

गाडी टेम्पोतून आली ती सरळ आमच्या वडगावच्या पडवीत. विमा थर्ड पार्टीचाच, म्हणजे भरपाई शून्य. मी उद्यमबागेत तीस वर्षं लेथ चालवला, त्यामुळं मोडलेलं यंत्र समोर असलं की हात शिवशिवतात. पण मनात ठरवलं, चेसिस सरळ असेल तरच गाडी उभी करायची. वाकडी निघाली तर वहिनी म्हणतील ते.

आधी हेल्मेटचा निकाल लावला. पोराला त्यावरचं स्टिकर जपायचं होतं. मी हॅक्सॉनं त्याचे दोन तुकडे केले. एकदा आपटलेल्या हेल्मेटचा आतला फोम दबून गेलेला असतो, वरून कितीही धड दिसो. आतलं थर्माकोल त्याला दाखवलं, तेव्हा बाजू कुठं चेपली होती ते त्यानं बोटानं चाचपलं आणि गप्प बसला.

चेसिस बघायची पद्धत साधी. टाकी आणि फेअरिंग उतरवून गळ्यापाशी, जिथं जोड आहेत तिथं, घासलेटानं पुसून काढायचं आणि बॅटरीच्या उजेडात रंग तडकलाय का बघायचा. पत्रा मुरगळला की रंग आधी चुगली करतो. मग नवे शॉकअप बसले की दोरा लावायचा. मागच्या टायरला दोन्ही अंगांनी टेकवून पुढपर्यंत ताणायचा. या गाडीचा पुढचा टायर मागच्यापेक्षा अरुंद, म्हणून पुढं दोन्हीकडं फट राहते. ती सारखी पाहिजे. वडगावात दोऱ्याला काय तोटा, दारासमोरच माग खडखडतोय!

रंग कुठं तडकला नव्हता. खरी पंचाईत झाली शॉकअपच्या नळ्यांची. दोन्ही काढून उद्यमबागेत जुन्या सोबत्याकडं नेल्या आणि व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला. उजवी नळी जवळपास सरळ. डावीचा काटा तीन मिलिमीटरच्या घरात गेला. सोबती म्हणाला, प्रेसवर दाबून देतो, अर्ध्या तासाचं काम. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. नवीन नळी म्हणजे कोल्हापूरच्या चार खेपा आणि बराच पैसा. त्याच्याकडचा म्हातारा फिटर पाठमोरा काम करत होता. तो वळलाही नाही. म्हणाला, "नेट्टग आगतदरी, आदर नंबबारद." सरळ होईल, पण भरवसा धरू नये. पोर शेजारीच उभं होतं, हात झोळीत. मी नळी उचलून पिशवीत घातली.

नळ्या मिळेपर्यंत दिवाळी आली. तोवर प्लास्टिकचं काम. फेअरिंगचे अकरा तुकडे झाले होते. आतल्या बाजूला ए-बी-एस असं छापलेलं असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकचे चुरे ॲसिटोनमध्ये विरघळवून लगदा होतो आणि भेगा भरता येतात. पण नुसत्या लगद्यावर भागत नाही, मागून जाळी लागते. सोल्डरिंगच्या कढईनं ती प्लास्टिकमध्ये वितळवून बसवायची. जाळी शोधत होतो तर वहिनी आतून आल्या आणि स्टीलची चहाची गाळणी माझ्यापुढं ठेवून गेल्या. काही बोलल्या नाहीत. पोरगं माझ्याकडं बघायला लागलं, मी कढईकडं.

रेडिएटरच्या मुडपलेल्या पात्या पातळ स्क्रूड्रायव्हरनं एकेक उभ्या करण्यात दोन रविवार गेले. कोन सेट बदलला. तो घट्ट करताना गाडी पुढून उचलून धरायची आणि हँडल मध्यावरून सोडायचं. ते आपल्या वजनानं एका अंगाला अलगद पडलं पाहिजे आणि शॉकअप पुढंमागं हलवले तर खटका जाणवता कामा नये. ब्रेकमधली हवा काढताना तेलाचा थेंब टाकीवर पडला आणि पुसेपर्यंत रंग उठला. तो डाग अजून आहे.

शेवटी दोरा लावला. एका बाजूला फट जास्त दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, मागचं चाकच साखळीच्या खुणांवर तिरकं बसवलं होतं. ते सारखं केलं, पुन्हा दोरा ताणला. फट सारखी. पोरानं तीन वेळा मोजली, मी मोजू दिली.

जानेवारीत एका पहाटे गाडी काढली. मी पुढं, पोर मागं. जांबोटीच्या अलीकडच्या सरळ रस्त्यावर पन्नासच्या वेगात हँडल हलक्या हातानं धरून पाहिलं, गाडी कुठं ओढत नव्हती. जांबोटीला चहा घेतला. झाडांत धुकं होतं. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उतरून पाया पडलो आणि त्या वळणावर गेलो. कठड्यावर गाडीचा निळा रंग अजून लागलेला होता. रस्ता कोरडा, खडी कडेला.

"काका, चावी?" पोरानं विचारलं. मी दिली. तो वळणातून हळू गेला, दिसेनासा झाला, आवाज मात्र येत राहिला. तेवढ्यात वहिनींचा फोन.

"कुठं आहात, भाऊजी?"

"कणकुंबीत."

"आणि तो?"

"चालवतोय."

बराच वेळ त्या गप्प. मग म्हणाल्या, "येताना गाळणी आणा. तीन महिने चहा फडक्यातनं गाळतेय मी."