एकोणशंभर

"आई, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का नाही म्हणत?"

सकाळचे साडेसात वाजले होते. मी कणीक मळत होते आणि सहा वर्षांची माझी लेक ओट्याशेजारी फरशीवर पाय पसरून जुन्या बिलांच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहीत बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं, गृहपाठ नव्हता. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस करत करत ती एकोणनव्वदला पोचली, ओळीनं आठ आकडे तिच्या म्हणण्याप्रमाणे वागले आणि नवव्यानं दगा दिला! मी छत्तीस वर्षं मराठी बोलतेय, आयुष्यभर पैसे मोजतेय, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पिठाच्या हातांनी तशीच तिच्याजवळ खाली बसले. 'एकोण' म्हणजे एकानं उणा, हे समजावून सांगायला तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "एकोणतीस म्हणजे तीस व्हायला एक राहिलाय ना? मग शंभरलापण एकच राहिलाय की!"

त्या दिवशी पोळ्या व्हायला दहा वाजले. तिला घरी शिकवायला लागून तेव्हा चौथा महिना चालू होता, आणि मूल शिकतं म्हणजे नेमकं काय होतं, ते मी त्या सकाळी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. अंगावर काटा आला होता माझ्या.

आम्ही साताऱ्यात राहतो. गेल्या वर्षी मे महिन्यात, पहिलीत घालायच्या ऐन वेळेला, नवऱ्यानं आणि मी ठरवलं की वर्षभर हिला घरीच शिकवून बघायचं. मी घरून भाषांतराची कामं करते, तो दुपारी चारला घरी येतो, म्हणून हे जमण्यासारखं होतं. ज्या घरात दोघांना सकाळी आठला बाहेर पडावं लागतं, तिथं हे सांगायला मी जाणार नाही. नातेवाइकांचा पहिला प्रश्न अर्थातच परीक्षेचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा मी बसून वाचला, त्यात घरी शिकवण्याबद्दल वेगळं कलम नाही. मुलांना शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य म्हणून मात्र लिहिलं आहे, तेव्हा हा निर्णय आम्ही डोळे उघडे ठेवून घेतला. पुढं कधी दहावी द्यायची झाली, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळतो. आणि वाटलं त्या दिवशी शाळेचं दार आहेच. एवढं सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघा बाई. पण पोरीला एकटं पाडू नका."

पहिला महिना मी शाळाच मांडली घरात. नऊ ते साडेनऊ मराठी, मग गणित, मग इंग्रजी, भिंतीवर वेळापत्रक. लेक दहा मिनिटांत खिडकीशी. जूनचा पाऊस, अजिंक्यताऱ्यावर उतरलेले ढग, आणि मी तिला हाका मारमारून दमलेली. मग एका रात्री 'तोत्तोचान' हे पुस्तक पुन्हा हातात घेतलं, चेतना सरदेशमुख गोसावींचा मराठी अनुवाद. तोत्तोचानच्या टोकियोतल्या तोमोए शाळेत आगगाडीचे डबे हेच वर्ग होते, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. माझ्या लक्षातून निसटलेली गोष्ट वेगळीच होती. बाई सकाळीच दिवसभराच्या सगळ्या विषयांचा अभ्यास फळ्यावर लिहीत आणि मुलांनी ज्याला जे आवडेल त्यापासून सुरुवात करायची! दुसऱ्याच दिवशी मी वेळापत्रक काढलं आणि डब्यात पाच चिठ्ठ्या ठेवल्या. एक चिठ्ठी गोष्टीची, एक आकड्यांची, एक स्वयंपाकाची, एक बाहेर जाण्याची, एक कोरी. कोऱ्या चिठ्ठीत तिनं ठरवायचं. आठवड्याभरात ती उठल्याबरोबर डबा शोधायला लागली.

आणि तिथून आकड्यांनी आम्हाला जे धरलं, ते आजतागायत सोडलेलं नाही.

ती २७ ऐवजी ७२ लिहायची. बालवर्गात असताना त्यासाठी वहीवर लाल गोल यायचे आणि ती वहीच लपवायला लागली होती. मीही तिला 'नीट लक्ष दे' म्हणत होते, याचं आज फार वाईट वाटतं. कारण लक्ष तीच देत होती! सत्तावीस. आधी सात ऐकू येतात, मग वीस. ऐकलं त्या क्रमानं पोर लिहीत होती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असं वाचायची सोय दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेतसुद्धा गाजला तो विषय. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की मुलं अडखळतात ती इथं. तेव्हा मीही चिडणाऱ्यांतली होते. भाषा मोडायला निघालेत, असं वाटलं होतं. आता माझं मत बदललंय. आम्ही दोन्ही बोलतो, 'वीस सात' म्हणून लिहायचं आणि 'सत्तावीस' म्हणून मिरवायचं. तीन आठवड्यांत ७२ नाहीसा झाला. त्यातच शेजारच्या विजापूरच्या काकूंनी तिला कानडीत सांगितलं, इप्पत्तेळु, म्हणजे आधी वीस, मग सात. लेक धावत घरी आली, "आई, काकूंच्या भाषेत सरळ आहे!" दोन भाषांची तुलना करायला या मुलीला कुणी शिकवलं?

पण खरा खजिना निघाला तो दिवाळीत, गावाकडच्या घरी.

माळ्यावरून पितळी मापं खाली आली. चिपटं, मापटं, शेर, आणि ती भलीमोठी पायली. सासूबाईंनी अंगणात पोतं पसरलं, ज्वारी ओतली आणि नातीला म्हणाल्या, "भर." दोन चिपट्यांनी मापटं भरलं. दोन मापट्यांनी शेर. चार शेरांनी पायली, काठोकाठ. तिला पायली चिपट्यांनीच भरायची होती, म्हणून ती एकेक ओतत राहिली, मोठ्यानं मोजत, आणि सोळाव्याला ज्वारी बरोबर काठाला आली. सोळा! तिनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. दोन, चार, आठ, सोळा, ही दुपटीची माळ मी शाळेत फळ्यावर पाहिली होती. ओंजळीत कधी धरली नव्हती. आणि मग एकदम उलगडलं की चिपटं म्हणजे पाव शेर, मापटं म्हणजे अर्धा शेर, तीन चिपटी म्हणजे पाऊण. मंडईत अजून 'पावशेर मिरच्या द्या' म्हणतात, ते इथून येतं!

ओसरीवर बसून आबा, म्हणजे माझे सासरे, हे सगळं बघत होते. वय एक्याऐंशी. एरवी फार बोलत नाहीत. "पाऊण म्हणालीस ना, मग ऐक," म्हणाले, आणि त्यांनी पावकी, म्हणजे पावचा पाढा, सुरू केली. पाव, अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, पावणेदोन, दोन, सव्वादोन, अडीच... एका लयीत, मान डोलवत, कुठंही न अडता. मग निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी. मग औटकी. औट म्हणजे साडेतीन, हे मला त्या ओसरीवर कळलं. चार औट चौदा! सात दिडे साडेदहा! लेक त्यांच्या मांडीवर चढून बसली आणि पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा, असं जेवायला बोलावेपर्यंत चाललं. मी कागदावर लिहून घेत होते. अपूर्णांक पाचवीत माझ्या घशात अडकले होते, छेद आणि अंश कोण वर आणि कोण खाली यातच दोन वर्षं गेली होती. आणि इथं सहा वर्षांची पोर गाण्यासारखे अपूर्णांक गुणत होती, कारण आपल्या भाषेत पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे एकेका शब्दाचे आकडे आहेत. दीड उच्चारायला काही मोडावं लागत नाही, जोडावं लागत नाही. केवढी श्रीमंती आहे ही, आणि ती माळ्यावर आणि ओसरीवर पडून होती!

घड्याळ तर मी शिकवलंच नाही. पावणेपाच, सव्वासहा तिला आधीच येत होते, काटे फक्त बघायचे राहिले होते. दोन दिवसांनी प्रश्न आलाच, "साडेतीन असतं, साडेचार असतं, मग साडेएक का नाही?" एकोणशंभरच्या शेजारी तोही आम्ही भिंतीवर लिहून ठेवला. भिंतीवर आता अशा अडलेल्या प्रश्नांची रांग आहे, आणि उत्तर नसलेला प्रश्न लिहिताना तिला जास्त आनंद होतो.

सगळंच आकड्यांचं झालं असं नाही. नळाला पाणी कुठून येतं, या एका प्रश्नापायी आम्ही कासच्या तलावाकाठी जाऊन उभे राहिलो. इतक्या उंचावरून उताराउतारानं हे पाणी साताऱ्यात येतं, हे कळल्यावर ती घरी येऊन अंगणात मातीचे उतार करत बसली. वाचन मात्र हळू चाललंय, जोडाक्षरं अजून अडतात, आणि मला आता त्याची घाई वाटत नाही. एकटीही पडली नाही. संध्याकाळी गल्लीतली मुलं, रविवारी वाचनालय, काकूंचं घर. चारशे घरांच्या गावात आबांबरोबर फिरताना तिच्या ओळखी माझ्यापेक्षा जास्त झाल्यात.

या जूनमध्ये वर्ष पूर्ण झालं. लेकीला विचारलं, शाळेत जायचंय का. "आणखी एक वर्ष थांबू. आबांची औटकी पुरती व्हायचीय," म्हणाली. आबांना आता मधला एखादा आकडा आठवत नाही, मग दोघं मिळून बोटांवर करतात.

तुमच्या माळ्यावर चिपटं-मापटं असेल, तर भंगारात देऊ नका. आणि घरात पावकी येणारं कुणी असेल, तर या रविवारी मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि म्हणायला सांगा.